एक नंबर टेबलाचं कापड

काळा बॉल मधल्या पॉकेटकडे निघाला तेव्हाच डेंटिस्टने क्यू खाली टेकवला होता. त्याला खात्री होती. सलग नऊ वर्षं आमच्या क्लबात पहिला येणारा माणूस. बॉल त्याने झोपलेल्या पोराला थोपटावं इतक्या हळू मारला होता. बॉल रमतगमत गेला, अर्ध्या वाटेवर खिडकीच्या बाजूला कलला, पॉकेटच्या कडेला टक्कन लागला आणि तिथेच बसून राहिला.

समोरचा गडी डेअरीत दुधाच्या गाड्या भरणारा. त्याने तोच बॉल धाडकन आत घातला आणि दोन्ही हात वर केले. सेमीफायनल संपली.

डेंटिस्टने हस्तांदोलन केलं नाही. तो वाकला, टेबलावर उजवा तळहात ठेवला, एकदा दाराकडे सरकवला, एकदा खिडकीकडे. मग मान वर करून त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी ब्रश घेऊन उभी होते.

"बाई, कापड उलटं आहे."

हॉलमध्ये चाळीस माणसं होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हणाले. शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. माणसं खो खो हसली, आणि डेंटिस्टचे कान लाल झाले.

मी या क्लबातली पूल टेबलं राखते. एकोणीस वर्षं झाली. त्याआधी लॉंड्रीत इस्त्री करत होते. इथला आधीचा माणूस इस्त्री कापडावर ठेवून डुलक्या काढत बसला, एक नंबर टेबलावर काळा ठसा उमटला, तेव्हा सेक्रेटरीने मला लॉंड्रीतून उचलून आणलं. क्लबात सगळे मला इस्त्रीबाई म्हणतात. बाईची जीभ इस्त्रीच्या आधी तापते, असंही म्हणतात. म्हणोत बापडे.

पूल टेबलाचं कापड म्हणजे काही पलंगावरची चादर नव्हे. ते लोकरीचं असतं आणि त्याच्यावर बारीक लव असते, मांजराच्या पाठीवर असते तशी. ती एकाच दिशेला झोपते. आमच्याकडे ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, खिडकीच्या बाजूने करतात, म्हणून लव खिडकीकडून दाराकडे झोपलेली हवी. रोज सकाळी ब्रश मारायचा तो त्याच दिशेने. मग इस्त्री, अगदी कोरडी. आधी ती कागदावर टेकवून बघायची; कागद पिवळा पडला तर थांबायचं. इस्त्रीसुद्धा खिडकीकडून दाराकडे न्यायची, तिथे उचलायची आणि परत खिडकीशी आणून ठेवायची. लॉंड्रीतली मागे-पुढे करायची सवय मोडायला मला दोन महिने लागले होते. एवढं नीट केलं की बॉल ऐकतो. आडवा, हळू मारलेला बॉल लव झोपली असेल त्या बाजूला दोन बोटं सरकतो, आणि चांगला खेळाडू ती दोन बोटं मनात धरूनच मारतो. धसमुसळ्या खेळाडूला कापड काय आणि फरशी काय, दोन्ही सारखंच.

एक नंबरचं कापड तीन आठवड्यांपूर्वी नवं घातलं होतं. बाहेरून कारागीर आला, त्याने जुनं काढलं, नवं ताणलं, खिळे मारले. नव्या कापडावर पहिला तळहात माझा फिरायचा, हा क्लबाचा रिवाज. मी हात फिरवला, "बरोबर आहे" म्हटलं, मगच सेक्रेटरीने कारागिराच्या कागदावर सही केली. डेंटिस्ट त्या महिन्यात लेकीकडे गेला होता. सेमीफायनलच्या आदल्या संध्याकाळी परत आला आणि नव्या कापडावर पहिलाच डाव हा असा हरला.

आमचं वैर जुनं होतं. हा माणूस चॉक निळ्या बाजूने पालथा ठेवायचा, सगळी भुकटी कडेच्या कुशनवर. एक मांडी टेबलाच्या कडेवर टाकून बसायचा. एकदा त्याच्या पाहुण्यांसमोर मी विचारलं होतं, "डॉक्टर, तुमच्या पेशंटच्या खुर्चीवर मी चपला घालून उभी राहिले तर चालेल?" तेव्हापासून तो माझ्याशी बोलायचा तो सेक्रेटरीमार्फत. टेबलांचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं, असं त्याने दोनदा लिहून दिलं होतं. आता तिसऱ्यांदा लिहून दिलं: कापड उलटं आहे, सामना पुन्हा घ्या आणि बाईंना काढा.

सोमवारी अकराला कमिटी टेबलाभोवतीच बसली. कमिटी म्हणजे सेक्रेटरी आणि शाळेत कवायत शिकवणारे मास्तर. डेंटिस्टचं खरं ठरलं तर माझी नोकरी जाणार होती. घरात मी आणि माझी म्हातारी नणंद, दोघींचं त्याच पगारावर चालायचं. पण खरं सांगते, मला नोकरीपेक्षा माझ्या हाताची काळजी होती. एकोणीस वर्षं या हॉलमध्ये माझ्या तळहाताचा शब्द शेवटचा होता.

"मी काळा बॉल दाराकडे सरकेल असं धरून मारला," डेंटिस्ट म्हणाला. "आजवर तो तिकडेच सरकत आलाय. काल खिडकीकडे सरकला. याचा अर्थ काय?"

"याचा अर्थ तुमचा नेम चुकला."

"बाई, तुम्ही मधे बोलू नका," सेक्रेटरी म्हणाले.

"कापडाबद्दल बोलायचं आणि मी बोलायचं नाही? मग बोलावलंत कशाला, चहा द्यायला?"

सेक्रेटरींनी टेबलावर हात फिरवून पाहिला. "मला दाराकडे जाताना मऊ लागतंय."

"मला तर उलट वाटतं," मास्तर म्हणाले. मग दोघांनी पुन्हा हात फिरवला आणि दोघांनीही मत बदललं. शिट्टी वाजवणाऱ्या माणसाच्या तळहाताला असून असून किती कळणार!

"तीन आठवडे रोज वीस-वीस जण खेळतायत," मी म्हणाले. "एकाची तक्रार नाही. यांचीच कशी?"

"कारण ते सगळे लाकडं फोडल्यासारखे मारतात," डेंटिस्ट म्हणाला. तो आता थेट माझ्याशी बोलत होता. "बाई, एक सांगा. रोज ब्रश मारल्यावर तंतू किती निघतात? मूठभर निघतात ना?"

निघत होते. तीन आठवडे रोज सकाळी ब्रशला हिरवी लोकर लागत होती. नवं कापड आहे, गळणारच, असं मी मनाला सांगितलं होतं. टेबलाचा रंगही खिडकीकडून पाहिला की जरा गडद दिसायचा. तेव्हा वाटलं, नव्या रंगाचंच असेल. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. "बघते पुन्हा" एवढे दोन शब्द पुरले असते.

पण हरणं माझ्या रक्तातच नाही.

"डॉक्टर, कापडाचं राहू द्या," मी म्हणाले. "तुमचा हात थरथरतो, ते सांगा ना कमिटीला."

"काय?"

"दोन महिन्यांमागे चॉक हातातून पडला. एकदा नाही, दोनदा. मीच उचलून दिला. चहाचा कप दोन हातांनी धरता. मी रोज बघते. बोलत नव्हते, म्हटलं माणसाचा धंदा आहे. हळू मारलेला बॉल कापडाने नाही वळला, तुमच्या मनगटाने वळला. इथे एक डाव गेला, त्याचं काय एवढं? पेशंटच्या तोंडात सांभाळा म्हणजे झालं."

चॉक पडला होता हे खरं. कपाचं मात्र मी जोडलं होतं. थंडीचे दिवस होते. त्या आठवड्यात सगळेच कप दोन हातांनी धरत होते.

मास्तरांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. गुरुवारी त्यांची दाढ काढायची होती आणि ती डेंटिस्टच काढणार होता. डेंटिस्टने ते पाहिलं. त्याने उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

तक्रार फेटाळली. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, "कापड योग्य. बाईंचे काम समाधानकारक."

जिभेला हाड नसतं, आणि ऐकणाऱ्याच्या जिभेला तर नसतंच नसतं. मंगळवारी क्लबात कुजबुज झाली. बुधवारी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मलाच विचारलं, "डॉक्टरांचा हात गेला म्हणे?" मास्तरांनी दाढ पुढे ढकलली होती. त्यांच्या बायकोने तिच्या बहिणीला सांगितलं होतं, बहिणीने सगळ्या चाळीला. हे ऐकून मला आनंद झाला. लपवत नाही. मी घरी जाताना गुणगुणत गेले.

घरी वन्सं चहाची वाट बघत बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. इस्पितळात चाळीस वर्षं आया होत्या. माझा नवरा गेल्यावर आम्ही दोघी एका छपराखाली उरलो. त्याआधीही पटत नव्हतं, त्यानंतरही पटलं नाही. मी चुलीवरचं भांडं उतरवून कपात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कप घेतला नाही. माझं मनगट धरलं.

"हे कधी भाजलं?"

"काय?"

"फोड आलाय एवढा. आणि आत्ता भांडं फडक्याशिवाय धरलंस ते?"

मी पाहिलं. तळहातावर रुपयाएवढा फोड होता, सकाळच्या इस्त्रीचा असणार. आणि बोटं आत्ताच्या भांड्याने लाल झाली होती. मला काहीच कळलं नव्हतं.

"डोळे मीट," वन्सं म्हणाल्या.

"नसते उद्योग नकोत."

"मीट म्हणते ना."

मी मिटले. थोडा वेळ गेला.

"हातावर काय आहे?"

"काही नाही. तुम्ही अजून ठेवलंच नाही."

"उघड डोळे."

तळहातावर घराची किल्ली होती. वन्संनी ती ओढत बोटांपर्यंत नेली. मी बघत होते म्हणून मला कळत होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मुंग्या येतात जरा. दोन-तीन महिने. इस्त्रीचं दुखणं आहे ते."

"इस्त्रीचं नाही, साखरेचं आहे. गोळ्या खिडकीतून टाकतेस ते काय मला दिसत नाही?" वन्संना दया-माया कधी नव्हतीच. "सगळ्या गावात सांगत फिरलीस, डॉक्टरचा हात गेला, डॉक्टरचा हात गेला. अगं, गेलाय तो तुझा."

मी त्यांना काहीबाही बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग रात्रभर डोळा लागला नाही.

गुरुवारी दहाला हॉल उघडला. कोणी आलं नव्हतं. एक नंबर टेबलावर वाकले आणि हात बाजूला ठेवून गाल कापडावर टेकवला. आधी दाराकडे सरकवला. दोन दिवस दाढी न केलेल्या माणसाला गाल लागावा तसं खरखरलं. मग खिडकीकडे सरकवला. गाल घसरत गेला, मऊ.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. अंगण खरंच वाकडं होतं. कारागिराने कापड उलटं ताणलं होतं, मी मेलेल्या हाताने ते पास केलं होतं, आणि एकवीस दिवस रोज सकाळी मीच त्याची लव उलटी ओरबाडत होते. कापडाची नस ज्याला कळते असा एकच खेळाडू क्लबात होता. तो बरोबर धरून खेळला म्हणूनच हरला. त्याने खरं सांगितलं, तर मी त्याच्या पोटावर पाय दिला.

सगळ्यात आधी मी काय केलं तेही सांगते. ब्रश घेतला आणि गुपचूप दारापासून खिडकीकडे मारायला लागले. रविवारी फायनल होती. तोवर कापड गुळगुळीत झालं असतं, तंतू थांबले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. अर्धं टेबल झालं आणि माझा हात थांबला. ब्रशने लव मऊ झाली असती, फिरली नसती. हळू मारलेला बॉल खिडकीकडेच गेला असता. आणि तो कळणारा माणूस आता क्लबात येणारच नव्हता, म्हणून मी सुटले असते. माझी मलाच किळस आली.

दुपारी दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या होत्या, आठही रिकाम्या. डेंटिस्ट स्वतःच दारात आला. मला बघून त्याचा चेहरा दगड झाला.

"दात दुखतोय?"

"नाही. कापड उलटं आहे."

"ते मला रविवारीच माहीत होतं."

"मला आज कळलं. माझ्या हाताला काही लागत नाही, डॉक्टर. तीन महिने झाले. साखर आहे म्हणे."

मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "माझ्याबद्दल बोललात ते चार भिंतींत कानात बोलला होतात का?"

"नाही."

"मग? आणि कपाचं काय? मी दोन हातांनी कप कधी धरतो?"

"ते मी जोडलं."

"चॉक एकदाच पडला होता."

"दोनदा," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मेले तरी ही जीभ काही जळायची नाही.

त्याने दाराकडे बोट दाखवलं. त्याच उजव्या हाताचं बोट. ते अजिबात हलत नव्हतं. मी निघाले.

शुक्रवार, शनिवार मी एक नंबरवर चादर टाकून ठेवली आणि कोणाला खेळू दिलं नाही. रविवारी हॉल भरला. डेअरीवाला नवा शर्ट घालून आला होता, दुसरा खेळाडू क्यूला चॉक लावत होता. सेक्रेटरी नाणं उडवणार तेवढ्यात मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"आधी माझं ऐका."

"बाई, आत्ता नको. पाहुणे आलेत."

"पाहुण्यांसमोरच सांगायचंय." माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे कापड उलटं ताणलंय. मी पास केलं. माझा तळहात बधिर झालाय, त्याला काही लागत नाही, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर खरं बोलत होते. त्यांच्या हाताबद्दल मी जे बोलले ते तिखटमीठ लावून बोलले. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. हात माझा गेलाय."

मी एक बॉल घेतला आणि आडवा, हळू सोडला. तो अर्ध्या वाटेवर खिडकीकडे कलला. पुन्हा सोडला, पुन्हा कलला.

मग जो गोंधळ उडाला तो उडाला. "म्हणजे मी फुकट जिंकलो का?" डेअरीवाला ओरडला. "किती दिवस झाकून ठेवलंत हो?" मागून कोणीतरी म्हणालं. "या वयात घरी बसावं माणसाने," दुसरं कोणी. मास्तर माझ्याकडे बघतच नव्हते. सेक्रेटरींचा चेहरा उतरला होता. वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"बाई, किल्ल्या ठेवा," ते हळूच म्हणाले. मी कुशनवर किल्ल्या ठेवल्या. त्यांच्यासाठी एवढं पुरेसं नव्हतं. कोणा जाणत्याने शिक्कामोर्तब केल्याशिवाय त्यांना काही पटत नसे. त्यांनी मान उंच करून हॉलभर पाहिलं आणि त्यांना तो दिसला. डेंटिस्ट दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता, कोट घालून. कधी आला होता कोण जाणे.

"डॉक्टर! या, पुढे या. चूक झाली आमची. तुम्हीच टेबलावर हात फिरवा आणि सगळ्यांना सांगा."

माणसं बाजूला झाली. दारापासून टेबलापर्यंत वाट मोकळी झाली. गोंधळ एकदम थांबला, आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या. टेबलाकडे नाही, कापडाकडे नाही. कोटाच्या उजव्या खिशाकडे. हात तिथे होता. मास्तर बघत होते, डेअरीवाला बघत होता, पाहुणे टाचा उंचावून बघत होते. आणि देवाशपथ सांगते, मीसुद्धा तिथेच बघत होते. बाहेर आला की हलतो का, ते.

डेंटिस्टने आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली.

"बाईंनी सांगितलंय ना," तो म्हणाला. "तेवढं पुरे आहे."

तो वळला, खांद्याने दार ढकललं आणि बाहेर गेला.